वीर्याचा रिपोर्ट आणि मागचे तीन महिने

लग्नाला दोन-तीन वर्षं होऊन पाळणा हलला नाही, की आपल्याकडे तपासण्या सुरू होतात त्या सुनेच्या. पाळीच्या तारखा, हार्मोन्ससाठी रक्त, सोनोग्राफी, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारा एक्स-रे. तिची फाइल जाड होत जाते. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून मागे पडते, कधी कधी वर्षभर. खरं तर सगळ्यांत सोपी तपासणी हीच. सुई नाही, भूल नाही, खर्च कमी आणि निकाल एक-दोन दिवसांत हातात. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडे काही ना काही कारण सापडतं. कधी ते एकटंच असतं, कधी बाईकडच्या कारणाच्या जोडीनं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. म्हणजे हा प्रश्न कुणा एका घराचा नाही आणि कुणा एका बाईचा तर मुळीच नाही.

पुरुषाकडच्या कारणांमध्ये एक कारण असं आहे, की ते दुखत नाही, दिसत नाही, त्यानं शरीरसंबंधात काही उणं पडत नाही आणि बऱ्याचदा ते दूरही करता येतं. ते कारण म्हणजे उष्णता. इथे उष्णता म्हणजे थर्मामीटरनं मोजता येते ती. पपई, बाजरी, आंबा खाऊन ‘गरम पडतं’ असं आपण म्हणतो, तिचा या विषयाशी संबंध नाही. त्या पदार्थांनी वृषणांचं तापमान चढत नाही आणि सब्जा-गुलकंदानं ते उतरतही नाही. तापमान चढतं ते भट्टीसमोर उभं राहून, तासन्‌तास बसून, तापानं फणफणून, किंवा वृषणाजवळच्या नसा फुगल्यामुळे. यातलं प्रत्येक कारण मोजून पाहिलेलं आहे.

दोन ते चार अंशांचा फरक

माणसाच्या शरीराच्या आतलं तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. वृषणांचं तापमान त्याहून दोन ते चार अंशांनी कमी लागतं. हृदय, यकृत, मूत्रपिंड हे अवयव हाडांच्या आणि स्नायूंच्या आड सुरक्षित असतात. वंश पुढे नेणारा अवयव मात्र शरीराबाहेर, कातडीच्या पातळ पिशवीत लोंबता असतो. मार लागण्याचा धोका पत्करून ही जागा त्याला मिळाली आहे ती थंडाव्यासाठी.

हा थंडावा टिकवण्याची व्यवस्था तीन पदरी आहे. पहिला पदर कातडीचा. अंडकोशाची कातडी पातळ असते, तिच्याखाली चरबीचा थर नसतो आणि तिच्यात घामाच्या ग्रंथी भरपूर असतात. दुसरा पदर स्नायूंचा. कातडीला चिकटून असलेला डार्टोस नावाचा स्नायूंचा थर थंडीत आकसतो. पिशवीला सुरकुत्या पडतात, तिचा हवेला लागणारा पृष्ठभाग घटतो आणि ऊब आत राहते. उकाड्यात हाच थर सैल पडतो. क्रेमॅस्टर नावाचा दुसरा स्नायू वृषणाला थंडीत पोटाजवळ ओढतो आणि गरमीत खाली सोडतो. गार पाण्यानं आंघोळ करताना प्रत्येक पुरुषाला हे जाणवलेलं असतं.

तिसरा पदर रक्तवाहिन्यांचा आहे आणि सगळ्यांत कौशल्याचा आहे. वृषणाकडे रक्त नेणारी धमनी सरळ जात नाही. शेवटच्या टप्प्यात ती वळणं घेते आणि तिच्याभोवती बारीक नीलांचं दाट जाळं असतं. वृषणाकडून परतणारं रक्त थंड झालेलं असतं. वर जाणारं थंड रक्त आणि खाली येणारं गरम रक्त एकमेकांना खेटून वाहतात. त्यामुळे धमनीतली उष्णता वाटेतच नीलांकडे जाते आणि रक्त वृषणात पोहोचेपर्यंत काही अंशांनी निवलेलं असतं. या जाळ्यात बिघाड झाला की काय होतं, ते पुढे येईलच.

प्रत्येक प्राण्याची सोय मात्र अशीच असते असं नाही. हत्तीची वृषणं पोटात, मूत्रपिंडांजवळ असतात. पक्ष्यांचीही शरीराच्या आतच असतात, आणि पक्ष्यांचं शरीर आपल्याहून गरम असतं. डॉल्फिनची वृषणं पोटातच असतात, पण पाठीवरच्या परात आणि शेपटीत थंड झालेलं रक्त थेट त्यांच्याजवळ आणणारी नीलांची वेगळी रचना त्याच्याकडे आहे. माणूस, बैल, मेंढा, कुत्रा यांनी बाहेरच्या पिशवीची वाट धरली आणि त्या वाटेनं त्यांच्यावर एक अट घातली: ती जागा थंड राहिली पाहिजे.

मेंढ्याच्या लोकरीपासून गरम पाण्याच्या टबापर्यंत

ही अट शास्त्रज्ञांना नीट कळली ती १९२०च्या दशकात. शिकागो विद्यापीठातल्या कार्ल मूर यांनी गिनी पिगचं वृषण शस्त्रक्रियेनं पोटात सरकवलं. थोड्याच दिवसांत शुक्राणू तयार करणाऱ्या नलिका ओस पडल्या. तेच वृषण वेळेत पिशवीत परत आणलं, तर काम पुन्हा सुरू झालं. पण शस्त्रक्रियेमुळे, रक्तपुरवठ्यातल्या बदलामुळे हे झालं असेल, अशी शंका उरत होती. मग मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्याला शस्त्र न लावता त्याचा अंडकोश बाहेरून उष्णतारोधक आवरणात गुंडाळला. जागा तीच, रक्तपुरवठा तोच. बदललं फक्त तापमान. तरीही शुक्राणूंची निर्मिती कोलमडली. दोष उष्णतेचा आहे, हे इथे पक्कं झालं.

यानंतरचा एक धागा भारतातून जातो. मार्त फोगेली या स्विस डॉक्टरनं १९३० ते १९५० या काळात भारतात स्वयंसेवक पुरुषांवर साधा प्रयोग केला. सुमारे ४७ अंशांच्या पाण्यात रोज पाऊण तास वृषणं बुडवून बसायचं, असं तीन आठवडे. त्यानंतर काही महिने त्या पुरुषांची जननक्षमता मंदावलेली राहिली आणि पुढे ती परत आली. १९६०च्या दशकात अमेरिकेत जॉन रॉक आणि डेरेक रॉबिन्सन यांनी पुरुषांना उष्णता धरून ठेवणारी अंतर्वस्त्रं घालायला दिली. यातले रॉक म्हणजे स्त्रियांच्या गर्भनिरोधक गोळीच्या संशोधनातलं मोठं नाव. अंडकोशाचं तापमान जेमतेम एका अंशानं वाढलं, तरी काही आठवड्यांनी शुक्राणूंची संख्या घसरली. अंतर्वस्त्रं थांबवल्यावर ती सावरली. फ्रान्सच्या टूलूझ शहरात रॉजे मियुसे यांच्या गटानं पुढची कित्येक वर्षं याच दिशेनं काम केलं. त्यांनी वृषणं दिवसभर जांघेजवळ वर धरून ठेवली. तेवढ्यानं तापमान दोनएक अंशांनी वाढतं आणि काही महिन्यांत शुक्राणू फार कमी होतात.

हे वाचून कुणी गरम पाण्याला गर्भनिरोधक समजू नये. संख्या किती उतरेल, कधी उतरेल हे प्रत्येकात वेगळं असतं आणि थोडे शुक्राणूही गर्भधारणेला पुरतात. या प्रयोगांतून आपण घ्यायचं ते एवढंच, की एक-दोन अंशांची वाढ, रोज काही तास, काही आठवडे टिकली तर परिणाम होतो. आणि कारण दूर झालं तर शरीर पूर्ववत होतं.

नेमकं काय बिघडतं

वृषणाच्या आत अतिशय बारीक नलिकांची गुंतवळ असते. नलिकांच्या भिंतीलगत मूळ पेशी असतात. त्या वाढतात, विभागतात, गुणसूत्रांची वाटणी करतात, शेपटी धारण करतात आणि शुक्राणू होऊन नलिकेच्या पोकळीत सुटतात. माणसात या सगळ्याला सुमारे ६४ दिवस लागतात. तिथून शुक्राणू वृषणाला लागून असलेल्या एपिडिडायमिस या लांब वेटोळ्या नळीत जातात, जिथे त्यांना पोहण्याची ताकद येते. त्यात आणखी दीड-दोन आठवडे जातात. म्हणून आज तपासायला दिलेला नमुना म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांपूर्वी केलेल्या पेरणीचं पीक असतं.

उष्णतेची झळ या प्रवासातल्या मधल्या टप्प्याला सर्वाधिक बसते. गुणसूत्रांची जुळणी आणि वाटणी करत असलेल्या पेशी आणि नुकत्याच विभागून झालेल्या गोल पेशी नाजूक असतात. तापमान चढलं की ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू वाढतात, पेशीतली प्रथिनं बिघडतात आणि जास्त बिघडलेल्या पेशी स्वतःहून मरतात. शरीरातच तशी तरतूद असते. वाचलेल्या पेशींपासून शुक्राणू होतात, पण त्यांतल्या बऱ्याच जणांची चाल मंद असते, डोक्याचा-शेपटीचा आकार बिघडलेला असतो, आणि काहींच्या डीएनएचे धागे तुटलेले असतात. हा शेवटचा दोष नेहमीच्या वीर्यतपासणीत दिसत नाही.

भिंतीलगतच्या मूळ पेशी मात्र उष्णतेला बऱ्यापैकी तोंड देतात. त्या शाबूत असल्यामुळेच उष्णता हटली की नवं उत्पादन सुरू होतं. भरपाई होते तिचं कारण हे आहे, आणि तिला तीन महिने लागतात तेही याच प्रवासामुळे.

आणखी एक गोष्ट प्रत्येक पुरुषानं समजून घ्यायला हवी. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वृषणातच तयार होतं, पण वेगळ्या पेशींमध्ये, नलिकांच्या बाहेर. त्या पेशी उष्णतेला तितक्या हळव्या नसतात. त्यामुळे शुक्राणू निम्म्यावर आले तरी दाढी-मिशी, आवाज, इच्छा, ताठरता, वीर्याचं प्रमाण यांत काहीच फरक जाणवत नाही. वीर्याचा बहुतांश भाग इतर ग्रंथींमधून येतो; शुक्राणूंचा वाटा त्यात अगदी थोडा. ‘मला काही प्रॉब्लेम नाही’ हे वाक्य पुरुष मनापासून बोलतो, आणि त्याच्या अनुभवापुरतं ते खरंही असतं. तरीही शुक्राणूंबद्दल ते काही सांगत नाही. तसंच उलटही: शुक्राणू कमी असणं म्हणजे मर्दानगी कमी असणं नव्हे. या दोन गोष्टींची गाठ समाजानं मारली आहे, शरीरानं नाही. ती गाठ सुटली, तर अर्धे पुरुष तपासणीला कचरणार नाहीत.

तापाचा हिशेब

उष्णतेचं सगळ्यांत सर्रास आढळणारं आणि सगळ्यांत विसरलं जाणारं कारण म्हणजे ताप. न्यूयॉर्कमधल्या जॉन मॅक्लिओड यांनी १९५१ मध्येच कांजिण्या आणि न्यूमोनियानंतर वीर्य कसं बिघडतं हे नोंदवलं होतं. २००३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी पुरुषांचे नमुने अनेक महिने तपासून दाखवलं, की ताप शुक्राणूनिर्मितीच्या कोणत्या टप्प्यावर आला त्यानुसार संख्या, आकार आणि चाल यांवर वेगवेगळा परिणाम होतो. ताप उतरल्यावर लगेच रिपोर्ट बिघडेलच असं नाही. त्या वेळी बाहेर येणारे शुक्राणू आधी तयार झालेले असतात. खड्डा दिसतो तो काही आठवड्यांनी आणि भरतो तो दोन-तीन महिन्यांनी.

आता आपल्याकडचा पावसाळा पाहा. जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, फ्लू. चार दिवस १०२-१०३ फॅरनहाइट ताप येऊन जातो, माणूस कामाला लागतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत वीर्यतपासणी होते. संख्या कमी येते, घरात काळजी पसरते, महागड्या उपचारांची चर्चा सुरू होते. डॉक्टरांनी ‘गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का’ असं विचारलं आणि पुरुषानं आठवून सांगितलं, तर हा गोंधळ बऱ्याच अंशी टळतो. ताप आला तर तो अंगावर काढू नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानं तो वेळेवर उतरवावा, यालाही हे एक कारण आहे.

भट्टी, केबिन आणि खुर्ची

रोजच्या कामात उष्णता सोसणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे. कोल्हापूरच्या फौंड्रीतले कामगार, साखर कारखान्यांतले बॉयलरवाले, गुऱ्हाळातल्या चुलाणावर जाळ घालणारा जळव्या, वीटभट्टीवरची कुटुंबं, बेकरीत पहाटेपासून ओव्हनसमोर उभे असलेले कारागीर, वेल्डर, हॉटेलांचे आचारी. अशा कामांचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे. इटलीत सिरॅमिकच्या भट्ट्यांवरच्या कामगारांमध्ये मूल होण्यात अडचणी जास्त आढळल्या. वेल्डर आणि बेकरी कामगारांबद्दलही असे निष्कर्ष आले आहेत. वेल्डिंगमध्ये धूर आणि धातूंचे कणही असतात, त्यामुळे सगळा दोष उष्णतेच्या माथी मारता येत नाही. पण तिचा वाटा आहे.

बसून करण्याच्या कामांत उष्णता वेगळ्या वाटेनं येते. बसल्यावर मांड्या जवळ येतात, अंडकोश त्यांच्यात दाबला जातो आणि हवा फिरत नाही. टूलूझमध्येच केलेल्या एका अभ्यासात दोन तास गाडी चालवल्यावर अंडकोशाचं तापमान सुमारे दोन अंशांनी वाढलेलं आढळलं. ट्रकचालकाची केबिन इंजिनाला लागून असते, बाहेर मे महिना असतो आणि फेरी दोन तासांची नसते. रिक्षा, टेम्पो, एसटी चालवणाऱ्यांची गतही फार वेगळी नाही.

लॅपटॉपचाही हिशेब मांडला गेला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या येफिम शेनकिन यांच्या गटानं २००५ मध्ये २९ निरोगी तरुणांना तासभर मांडीवर चालू लॅपटॉप घेऊन बसवलं. तापमान डावीकडे २.६ आणि उजवीकडे २.८ अंशांनी वाढलं. नुसतंच गुडघे जुळवून बसल्यावरही दोनएक अंशांची वाढ झाली होती. म्हणजे लॅपटॉपइतकीच बसण्याची पद्धतही महत्त्वाची. तापमान वाढणं आणि मूल न होणं यांत मात्र अंतर आहे. एका संध्याकाळी लॅपटॉप मांडीवर घेतल्यानं कुणी निपुत्रिक होत नाही. रोजचे कित्येक तास, वर्षानुवर्षं, आणि त्यात मुळातच कमी असलेली संख्या, अशी बेरीज झाली की तो फरक मोलाचा ठरतो. टेबल वापरणं अवघड नाही.

अंतर्वस्त्रांबद्दल हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ६५६ पुरुषांची माहिती प्रसिद्ध केली. सैल बॉक्सर घालणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंचं प्रमाण इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होतं. घट्ट अंतर्वस्त्रं घालणाऱ्यांपैकी बहुतेकांची संख्याही सामान्य मर्यादेतच होती. निष्कर्ष साधा आहे: ज्यांचा रिपोर्ट काठावर आहे त्यांनी घट्ट जीन्स आणि घट्ट चड्डी बाजूला ठेवावी आणि घरी पायजमा किंवा लुंगी नेसावी. खर्च काही नाही.

गरम पाण्याबद्दल थोडा दिलासा. आपली बादली-तांब्याची आंघोळ म्हणजे पाण्यात बुडून बसणं नव्हे. तिनं काही बिघडत नाही. वज्रेश्वरी किंवा उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात वर्षातून एकदा डुबकी मारण्यानंही नाही. प्रश्न येतो तो नियमित आणि दीर्घ बुडण्याचा. इटलीतल्या पादुआ इथे दहा पुरुषांनी तीन महिने आठवड्यातून दोनदा ८० ते ९० अंशांच्या सॉनात पंधरा-पंधरा मिनिटं काढली. शुक्राणूंची संख्या आणि चाल दोन्ही घटली, आणि सॉना सोडल्यावर सहा महिन्यांत दोन्ही पूर्ववत झाली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये नियमित हॉट टब वापरणाऱ्या ११ वंध्य पुरुषांना तो थांबवायला सांगितला, तेव्हा पाच जणांच्या रिपोर्टमध्ये मोठी सुधारणा झाली. उरलेल्या सहा जणांत झाली नाही. त्यांच्यातले बहुतेक जण तंबाखू ओढणारे होते. उष्णता एकटी क्वचित असते, हे या छोट्या अभ्यासानं चांगलं दाखवलं.

आतून चढणारी उष्णता

रक्तवाहिन्यांच्या ज्या जाळ्यानं वृषण थंड राहतं, त्यातल्या नीला फुगल्या की त्याला व्हेरिकोसील म्हणतात. पायांच्या व्हेरिकोज व्हेन्सचाच हा प्रकार. रक्त वर चढण्याऐवजी खाली साचतं आणि उष्णतेची देवाणघेवाण मंदावते. बहुधा हे डाव्या बाजूला होतं, कारण डावीकडची नीला मूत्रपिंडाच्या नीलेला काटकोनात मिळते आणि तिच्यातला दाब जास्त असतो. सर्वसाधारण पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांना व्हेरिकोसील असतं. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्यांमध्ये हे प्रमाण ३५ ते ४० टक्के. बहुतेकांना दुखत नाही. काहींना दिवसभर उभं राहिल्यावर जडपणा वाटतो. ज्यांना आहे त्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. पण हातानं चाचपून कळण्याइतकं मोठं व्हेरिकोसील, बिघडलेला रिपोर्ट आणि मुलाची इच्छा या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. सुधारणा दिसायला पुन्हा तेच तीन ते सहा महिने.

दुसरा विषय बाळांचा आहे आणि तो आई-आजीच्या हातात आहे. पूर्ण दिवसांच्या मुलग्यांपैकी शंभरात दोन ते चार जणांची एक किंवा दोन्ही वृषणं जन्माच्या वेळी पिशवीत उतरलेली नसतात. कमी दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरंच जास्त असतं. बहुतेकांची पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र ती आपोआप उतरण्याची शक्यता फार कमी, आणि तोवर पोटातल्या ३७ अंशांत राहिलेल्या वृषणाचं नुकसान सुरू होतं. म्हणून सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रियेनं ते पिशवीत आणून बसवतात. पुढे त्या वृषणात कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणूनही ते हाताला लागेल अशा जागी असणं गरजेचं. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारीला ही पिशवी एका बाजूनं रिकामी लागते तेव्हा ते आधी तिलाच कळतं. तिनं ते बोलून दाखवावं. थंडीत गोटी वर जाते आणि गरम पाण्यात आपोआप खाली येते, तेव्हा काळजीचं कारण बहुधा नसतं. गरम पाण्यातही ती सापडत नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जावं. ‘मोठा झाल्यावर येईल खाली’ या सल्ल्यानं पुढे त्याच मुलाच्या संसारात दुःख येतं, आणि तेव्हा दोष सुनेला लागतो.

उन्हाळा आणि गोठा

विदर्भ-खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. हवा शरीराहून गरम झाली की उष्णता बाहेर टाकायला एकच मार्ग उरतो, घामाचं बाष्पीभवन. चंद्रपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत घाम उडतो, पण पाणी कमी पडलं तर घामच येत नाही. मुंबई-कोकणात पारा ३५च्या आतबाहेर असतो, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही. दोन्हीकडे त्रास आहे, कारणं वेगळी. अमेरिकेत टेक्सासमध्ये उघड्यावर काम करणाऱ्या पुरुषांचं वीर्य उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा निकृष्ट आढळलं, असं १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेच्या अनेक दशकांच्या जन्मनोंदी तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवलं, की अतिशय गरम दिवसांनंतर आठ ते दहा महिन्यांनी जन्मांची संख्या घटते. याला पुरुषाचे शुक्राणू हे एकमेव कारण नसेल, पण दिशा तीच आहे.

दुधाचा धंदा करणाऱ्यांना हे नवं नाही. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘बाएफ’ संस्थेनं गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या गावोगाव पोचवल्या आणि महाराष्ट्रातला गोठा बदलला. होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी या थंड देशांतल्या जाती. त्यांच्या वळूंच्या वीर्याची प्रत आपल्या उन्हाळ्यात घसरते आणि तिचा परिणाम पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळतो, कारण वळूतही शुक्राणू तयार व्हायला दोन महिने लागतात. म्हणून वळूंना सावली, फवारे, पंखे दिले जातात आणि प्रत्येक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच गोठवला जातो. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तर पशुपालक गाईबरोबर कांडीचाही विचार करतो. माणसांच्या घरात हा विचार व्हायला वर्षं जातात, ही आपण बदलू शकतो अशी गोष्ट आहे.

रिपोर्ट हाती आल्यावर

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार सामान्य वीर्याची खालची मर्यादा अशी आहे: प्रमाण १.४ मिलिलिटर, प्रति मिलिलिटर १.६ कोटी शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात गर्भ राहिला अशा पुरुषांवरून हे आकडे काढले आहेत. आकडा थोडा खाली असला म्हणजे मूल होणार नाही असं नाही, आणि वर असला म्हणजे होईलच असंही नाही. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन झालेलं नसावं. पहिला रिपोर्ट बिघडला तर दुसरा घ्यावाच.

दुसऱ्या नमुन्याआधीचे तीन महिने पुरुषानं जाणीवपूर्वक घालवावेत. काम बसून असेल तर तासाभरानं उठून पाच मिनिटं चालावं. भट्टीवरच्या माणसानं पाळी बदलून घेता येईल का ते पाहावं, मधूनमधून सावलीत यावं, पाणी भरपूर प्यावं. मालकांनी हे मागणं हसण्यावारी नेऊ नये. लॅपटॉप टेबलावर, कपडे सैल, सॉना आणि टब बंद. तंबाखू, गुटखा, दारू सोडावी. वजन जास्त असेल तर उतरवावं. मांड्यांची आणि ओटीपोटाची चरबीही वृषणांना गरम ठेवते. व्यायामशाळेत कुणी टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं देत असेल तर ती मुळीच घेऊ नयेत. त्यांनी शुक्राणूनिर्मिती पार बंद पडू शकते.

याच तीन महिन्यांत तज्ज्ञांकडून वृषणांची तपासणीही करून घ्यावी. शुक्राणू अजिबात नसणं, गालगुंडानंतर वृषणाला आलेली सूज, नलिका बंद असणं, गुणसूत्रांतले दोष, मधुमेह ही कारणं थंडाव्यानं दूर होत नाहीत. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर नुसतं थांबून राहणं परवडत नाही. दोघांचे उपचार जोडीनं चालावेत.

गरम पडलेल्या वृषणाची भरपाई शरीर स्वतः करतं, पण त्याला वेळ लागतो, आणि वेळ द्यायचा तर आधी कळायला हवं. म्हणून मूल हवं असणाऱ्या प्रत्येक घरात एवढं ठरावं: पहिली तपासणी दोघांची, एकाच आठवड्यात. वीर्याचा रिपोर्ट हातात आला की आधी मागचे तीन महिने आठवावेत, तो ताप, ती भट्टी, तो प्रवास. मग पुढचे तीन महिने आखावेत. यात कुणाचा अपमान नाही आणि कुणावर आरोप नाही. वर्षानुवर्षं एकटीनं सुया टोचून घेणाऱ्या बाईच्या वाट्याचं ओझं मात्र यानं खरोखर हलकं होतं, आणि कित्येक जोडप्यांना महागड्या उपचारांच्या दारात जाण्याआधीच उत्तर मिळतं.